गोलात थोरला कोण?

परीक्षांचा हंगाम मला अजून नकोसा वाटतो. वास्तविक पेपर मीच काढलेला असतो, तपासायचाही मलाच असतो, आणि पोरं मान खाली घालून लिहीत असताना मी आपला खिडकीशी उभा असतो. तरी वाटतो. जालन्यात एप्रिलचं ऊन सकाळीच पत्र्यावर येऊन बसतं, कॉलेजच्या आवारात कडुनिंबाचा मोहोर पायाखाली येतो, प्रॅक्टिकलच्या खोल्या ओस पडतात, आणि रिकाम्या लॅबला कुलूप लावायला गेलो की हात तसाच कुलपावर राहतो. आत ओळीनं कॉम्प्युटर गप्प बसलेले असतात. आता ते नवे आहेत, चपटे आहेत, घरघर करत नाहीत. पण गप्प बसलेले कॉम्प्युटर मला सहन होत नाहीत. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचा एक उन्हाळा मला आठवतो आणि मी घाईघाईनं किल्ली फिरवतो.

त्या उन्हाळ्यात माझं दोन जागी अडलं होतं. इथं जालन्याला माझं पीएच.डी.चं काम अडलं होतं, आणि तिकडं पिंपळगाव रेणुकाईला माझी माय खाटेवर पडली होती. तिला इथं आणायचं होतं, आणि ते होत नव्हतं. मायचं सांगायला धीर गोळा करावा लागतो, म्हणून आधी कामाचं सांगतो.

लोखंडाची एक लांब सळई आहे असं धरा. एका टोकाला तापवलेली. ती कुठं किती गरम आहे, हे घटकेघटकेला काढायचं. सळईवर लाखभर ठिपके मनात धरायचे, आणि प्रत्येक ठिपक्यानं आपल्या दोन्ही शेजाऱ्यांकडं बघून आपला नवा आकडा ठरवायचा. एका कॉम्प्युटरला हे झेपत नाही, म्हणून सळईचे तुकडे करून आठ कॉम्प्युटरना वाटून द्यायचे. अडचण अशी, की एकाच्या पोटातलं दुसऱ्याला दिसत नाही. तुकड्याच्या कडेच्या ठिपक्याला शेजारचा आकडा हवा असतो, आणि तो शेजारी असतो दुसऱ्याच कॉम्प्युटरात. मग निरोप धाडावा लागतो. कुणी, कुणाला, कधी धाडायचा हे सगळं माणसानं हातानं लिहायचं म्हणजे डोकं फिरायची पाळी. म्हणून काही शहाण्या लोकांनी वेगळ्या भाषा काढल्या. त्यांत तुम्ही एवढंच लिहायचं, की प्रत्येकानं आपल्या शेजाऱ्याकडं बघावं. जणू सळई अखंडच आहे, वाटणी झालेलीच नाही. तुकडे करणं, कुठं निरोप लागेल ते ओळखणं आणि तो बरोबर जागी घालणं, हे सगळं खालच्या खाली करणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. तसा कंपायलर लिहायचं काम मी अंगावर घेतलं होतं.

मला त्या भाषेचं वेड लागलं होतं, असंच म्हणायला हवं. बायको म्हणायची, एवढं लक्ष माझ्याकडं दिलं असतं तर मीच डॉक्टर झाले असते. पण त्या भाषेत मला काहीतरी ओळखीचं दिसायचं. आतून सगळं वाटलेलं, वरून एकसंध, आणि वरच्याला आतल्या तुकड्यांची झळ नाही. असल्याच घरात मी वाढलो होतो.

आमच्या घरात मी आणि माझा थोरला भाऊ, अण्णा. वडील लवकर गेले, तेव्हा अण्णानं शाळा सोडून औत धरलं आणि मी शिकत राहिलो. आमच्यात भांडण नव्हतं. तेच तर वाईट. भांडण असतं तर निदान बोलणं झालं असतं. आमच्याकडं थोरल्यानं तोंड उघडल्याशिवाय धाकट्यानं बोलायचं नसतं, आणि थोरला धाकट्याशी फार बोलला तर त्याचं थोरपण पातळ होतं. मग सगळा व्यवहार मायच्या हातून. मी जालन्याहून गेलो की ओट्यावर एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला मी, आणि मधे माय, मांडीवर सूप घेऊन वाळल्या मिरच्यांचे देठ खुडत बसलेली.

"त्याला म्हणावं, मोटर जळली," अण्णा मायला सांगायचा.

मी हात लांबवला तर अण्णाला लागेल इतक्या जवळ बसलेलो असायचो.

"अण्णा म्हणतो, मोटर जळली रे," माय माझ्याकडं वळून सांगायची.

"अण्णाला म्हणावं, जाता जाता मिस्त्रीला सांगतो."

"मिस्त्रीला सांगतो म्हणतो त्यो," माय तिकडं वळायची.

परगावचा माणूस हसून लोळला असता. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आणि माय नुसते निरोप पोचवत नव्हती. एका दिवाळीला मी गेलो नाही, नंतर गेलो तेव्हा अण्णा वैतागून म्हणाला, "त्याला म्हणावं, मशीनीलाच माय म्हण आता. येऊच नको." हे मला स्वच्छ ऐकू आलं. माय देठ खुडता खुडता माझ्याकडं वळली. "अण्णा म्हणतो, दिवाळीला तू असता तं घर भरल्यावानी वाटलं असतं." आणि मी त्या दुसऱ्या वाक्यालाच उत्तर दिलं. अण्णानंही मान हलवली, जणू तो तेच म्हणाला होता. पहिलं वाक्य कुणी बोललंच नव्हतं, असं आमचं तिघांचं ठरून गेलं. कंपायलर म्हणजे काय, हे औरंगाबादच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी शिकवायच्या आधीपासून मला ठाऊक होतं ते असं.

कॉलेजची लॅब माझी व्हायची ती फक्त परीक्षांच्या दिवसांत आणि उन्हाळी सुट्टीत. एरवी पोरांची गर्दी. मी एक काळी केबल एका कॉम्प्युटरपासून दुसऱ्यापर्यंत अशी आठांना जोडत नेली होती, दोन्ही टोकांना बोंडाएवढी टोपणं. त्यातलं एक सैल झालं तरी सगळे मुके व्हायचे. दुपारी वीज जायची, पंखा थांबायचा, आणि बंद खोलीत तापल्या प्लॅस्टिकचा वास दाटायचा. लॅबचे शेखमामा माठ भरून ठेवायचे आणि दारातून डोकावून जायचे. मी बनियनवर बसलेलो असायचो. प्राध्यापकाची सगळी अब्रू खुर्चीच्या पाठीवर शर्टासोबत लटकलेली.

तोवर काम बरं चाललं होतं. माझा कंपायलर जे लिहून देई ते सळईवर चालायचं. हळू चालायचं, पण आकडे बरोबर. हळूपणाचं खापर मी स्वस्तातल्या केबलवर फोडलं होतं. मग सर एकदा म्हणाले, "सरळ सळई कुणीही तापवतं. कडं तापवून दाखवा. ज्याला टोकच नाही असं. ते चाललं तर प्रबंध बांधायला घ्या." आणि जाता जाता म्हणाले, की विद्यापीठ या वर्षानंतर मुदत वाढवणार नाही.

कडं म्हटल्यावर मला धाव आठवली. वडील होते तेव्हा उन्हाळ्यात लोहाराकडं बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायला न्यायचे. गोवऱ्यांच्या जाळात ती लोखंडाची धाव गोल पडलेली असायची, सगळीकडून सारखी लाल, कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते कळायचं नाही. मग ती चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचं, वाफेचा लोट उठायचा आणि जळक्या लाकडाचा वास अंगणभर पसरायचा. मला वाटलं, ही तर आपल्या घरची गोष्ट. मी प्रोग्रामात एक शब्द बदलला, सळईचं टोक टोकाला जोडलं, आणि आठही कॉम्प्युटर गप्प झाले.

बिघडले असते तर बरं होतं. बिघडलेला कॉम्प्युटर काहीतरी शिवी तरी देतो. हे नुसते गप्प. पडद्यावर ठिपका लुकलुकत राहायचा, बस्स. मी बंद करायचो, पुन्हा चालवायचो, पुन्हा गप्प. केबल बदलली, टोपणं बदलली, अर्धा कंपायलर पुन्हा लिहिला. पालथ्या घड्यावर पाणी. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना.

"सर, रूठ गये क्या सब?" शेखमामा दारातून म्हणाले.

"बिलकुल, मामा," मी म्हटलं.

ते माठ भरून निघून गेले. मी टेबलावर डोकं ठेवलं. वय निघून चाललं होतं, बरोबरीचे लोक डॉक्टर होऊन वरच्या जागांवर गेले होते, आणि मी एका गरम खोलीत गप्प बसलेल्या डब्यांच्या तोंडाकडं बघत बसलो होतो.

अशातच गावाहून फोन आला. माय मळ्यात पडली. आमच्या पिंपळगावाला मिरचीचं वेड. उन्हाळ्यात गादीवाफ्यांवर रोपं टाकायची आणि ती लेकरांसारखी जपायची. माय रोपांना झारीनं पाणी देत होती, तिथंच कलंडली. मी भोकरदनला पोचलो तोवर दवाखान्यात बाटली लावलेली होती. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. मला बघून तिनं तोंड उघडलं आणि नुसता एक सूर आला. तो सूर मी पुन्हा कुठं ऐकला नाही आणि मला ऐकायचाही नाही.

डॉक्टर आम्हा दोघांना बाहेर घेऊन आले. म्हणाले, मला जमण्यासारखं होतं ते केलं. आता हिला व्यायाम लागेल, बोलायचं पुन्हा शिकवावं लागेल, तसली माणसं जालन्याला आहेत. जितकं लवकर न्याल तितकं बरं. मी अण्णाकडं बघितलं. अण्णानं जमिनीकडं बघितलं. डॉक्टर आत गेले. आम्ही मायला घेऊन गावी आलो, जीपमधे एक अक्षर न बोलता, आणि ती पडवीतल्या खाटेवर पडून राहिली.

मी काय विचार करत होतो ते मला नीट आठवतं. मायला जालन्याला नेतो म्हणावं, तर अण्णाला वाटणार, ह्याला आमचं करणं कमी वाटतं. जन्मभर त्यानं सांभाळली, वहिनी तिचं हगणंमुतणं काढून राहिली, आणि मी शहरातून येऊन एका वाक्यात सगळं मातीत घालू? ते थोरल्यानं म्हणायचं. त्यानं 'ने' म्हटलं की मी एका पायावर तयार होतो. मी वाट बघत राहिलो. दर रविवारी एसटीनं जायचो, माझ्या त्या मुक्या कॉम्प्युटरना कुलूप घालून, आणि दुसऱ्या मुक्या घरात जाऊन बसायचो.

"भावजी, जालन्याला बोलायला शिकवणारे असत्यात म्हणं," वहिनी एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाली. तिचं तोंड माझ्याकडं होतं आणि कान अण्णाकडं.

अण्णा दावं वळत बसला होता. त्याचे हात थांबले. मला वाटलं, आता म्हणणार. मी अंग सावरून बसलो. मग त्याचे हात पुन्हा चालू झाले, आणि वहिनी आत निघून गेली. खाटेवरून माय कधी अण्णाकडं, कधी माझ्याकडं बघत होती. तिचं तोंड हलत होतं. काय न्यायचं आणि कुणाकडून कुणाकडं न्यायचं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. डोळ्यांतून पाणी कानाकडं उतरत होतं आणि डावा हात चादरीवर आपटत होता. मी पंख मिटलेल्या पाखरासारखा बसून राहिलो. बस चुकेल म्हणून उठलो.

त्या दिवसांत मी देवाला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. रेणुकाईच्या देवळात जाऊन उभा राहिलो आणि काय मागावं तेच सुचेना. मायची वाचा मागू, का भावाची?

मधेच वडीगोद्रीला एका चुलत बहिणीची सोयरीक ठरायची होती, घरातलं कुणीतरी हवं म्हणून मी गेलो. लिंबाच्या सावलीत सतरंजीवर दोन्हीकडचे बाप्ये गोल करून बसले होते, सगळे साधारण एका वयाचे, एका तोलाचे. चहा आला.

"घ्या, पाटील."

"न्हाई, न्हाई. तुम्ही घ्या आधी."

"आसं कसं? तुमचा मान."

"मंग मामांना घेऊ द्या."

मामा म्हणाले पाव्हण्यांना घेऊ द्या, पाव्हणे म्हणाले आधी पाटील. कपांवर साय धरली. शेवटी आतून एक म्हातारी ओरडली, "आरं कुणीतरी एकानं तोंड लावा, थंडगार झाला च्या." सगळे हसले आणि तरीही कुणी उचलला नाही. लोकांना वाटतं, असलं काही दिसलं की संशोधकाच्या डोक्यात लख्ख दिवा लागतो. तसलं काही झालं नाही. मला फक्त चीड आली. ऊन मी म्हणत होतं, तहान लागली होती, आणि वयानं लहान असल्यामुळं माझा कप सगळ्यांच्या नंतर होता.

चूक सापडली ती नंतर, कागदावर. कंपायलरनं लिहून दिलेला प्रोग्राम मी सबंध छापून घेतला, त्या जोडलेल्या लांब कागदाच्या घड्या लॅबच्या फरशीवर पसरल्या आणि गुडघ्यांवर रांगत ओळीमागून ओळ वाचत गेलो. प्रत्येक कॉम्प्युटरला माझा कंपायलर सांगत होता: आधी डावीकडच्याचं ऐक, मग उजवीकडच्याला सांग. जिथं जिथं निरोप होता तिथं तिथं हेच; उलट दिशेच्या निरोपातही आधी ऐकणंच. एकदा मी त्याला शिकवलं होतं आणि तो न चुकता, न थकता, सगळीकडं तेच लिहीत होता. मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, कुठल्या पुस्तकात नव्हतं. मला दुसरं काही सुचलंच नव्हतं, इतकंच. आधी ऐकायचं, मग बोलायचं. डावीकडचा तो थोरला.

सळईवर ते का चाललं, हेही तिथंच कळलं. सळईत अगदी डावीकडच्याच्या डावीला कुणी नसतं. त्याला कुणाचं ऐकायचं नसतं, म्हणून तो बोलून मोकळा होतो, मग दुसरा, मग तिसरा. एकेक करून, म्हणून तर इतकं हळू. बिचारी केबल निर्दोष होती. पण कड्यात प्रत्येकाच्या डावीकडं कुणीतरी आहेच. गोलात थोरला कोण? आठही जण शेजाऱ्यानं आधी बोलावं म्हणून थांबलेले, सगळे मर्यादशील, सगळे मान राखणारे, आणि जगाच्या अंतापर्यंत तसेच थांबले असते. मला हसू आलं. हसता हसता मी त्या कागदांवर बसून मोठ्यानं रडलो. शेखमामा आले, बघितलं आणि दार लोटून घेतलं.

दुरुस्ती क्षुल्लक होती. सम नंबरवाल्यांनी आधी सांगायचं, मग ऐकायचं. विषम नंबरवाल्यांनी आधी ऐकायचं, मग सांगायचं. थोरला-धाकटा बघायचाच नाही. कंपायलरात ते शिकवलं, वीज आल्यावर कडं चालवलं, आणि पडद्यावर आकडे धावायला लागले. मी ज्या क्षणासाठी वर्षं घातली होती तो हा. मी ते आकडे पुरते बघितलेही नाहीत. शर्ट घातला आणि बसस्टँडकडं निघालो.

अण्णा मळ्यात होता, वाफ्यावरच्या रोपांना पाणी सोडत. मी बांधावर उभा राहिलो. वाटेत सगळं वाक्य घोकून आलो होतो आणि आता पहिला शब्द सापडत नव्हता. थोरल्यासमोर मी आयुष्यात कधी आधी बोललेलो नव्हतो.

"अण्णा, मायला मी घेऊन जातो जालन्याला. उद्याच."

त्यानं फावडं टेकवलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"न्यायची तं कवाच न्यायला पाह्यजे व्हती," तो म्हणाला.

"मंग म्हणले का न्हाई तुम्ही?"

"मी काय म्हणू? मी 'ने' म्हणलो असतो तं तू म्हणला असता, थोरल्यानं माय माझ्या गळ्यात टाकली. तुझं ते परीक्षेचं, मशीनीचं चालू व्हतं. म्हणलं, त्याला सवड झाली की त्योच म्हणल." त्यानं फावड्यावरचा चिखल बोटानं काढला. "मी तं रोज वाट पाहून राह्यलो व्हतो."

पाणी वाफा भरून वाहायला लागलं होतं. दोघांनीही दारं मोडून ते पुढच्या वाफ्यात वळवलं नाही. आमच्या दोघांच्या डोक्यात एकच वाक्य होतं, दोघांनीही ते मान राखून गिळलं होतं, आणि त्या मानापायी माय पडवीत छताकडं बघत पडली होती. मला तेव्हा अण्णाचा राग आला नाही, स्वतःचाही नाही. आमच्या त्या मोठ्या चांगल्या वळणाचा आला, जे लोक कौतुकानं सांगायचे: पोरं बघा, एकमेकाच्या शब्दाबाहेर नाहीत. अजूनही येतो.

जालन्यात मायला बोलायला शिकवायला येणारी बाई तरुण होती, चिवट होती. रोज यायची, मायच्या ओठांवर बोटं ठेवून 'आ', 'मा' म्हणवून घ्यायची. मी तिला विचारलं, आणखी आधी आणलं असतं तर? ती म्हणाली, कुणाचं काय सांगावं, सर. मग पिशवीत वस्तू भरत राहिली. पाय थोडा उचलायला लागला. वाचा परत आली नाही.

अण्णा आठवड्याला यायचा. खाटेच्या पलीकडं तो बसायचा, अलीकडं मी. आणि इतकं सगळं होऊनही आमची खोड गेली नाही. तो मायकडं बघून म्हणायचा, "त्याला म्हणावं, रोपं लावून झाली. बराबर लागली सगळी." माय थोडा वेळ पडून राहायची. मग डावा हात सावकाश उचलून माझ्या बाजूला सरकवायची. निरोप पोचला. मी म्हणायचो, "अण्णाला म्हणावं, बरं झालं." तो हात पुन्हा उचलायचा, पोटावरून तिकडं जायचा. तिला किती कष्ट पडतात ते दिसायचं, आणि आम्हाला थांबावंसं वाटायचं नाही, कारण तेवढं करताना तिचा चेहरा पूर्वीसारखा व्हायचा. बायको दारात उभी राहून बघायची आणि तोंडाला पदर लावून आत जायची.

पोळ्याच्या आधी ती गेली. दुपारी, झोपेत, कुणाला काही न सांगता.

प्रबंध मी नंतर पुरा केला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक भले होते. म्हणाले, काम चोख आहे, कष्ट दिसतात. पण या भाषा आता मागं पडल्या, फारसं कुणी वापरत नाही. लोकांनी कंपायलरवर भिस्त ठेवणं सोडलं. कटकटीचं असलं तरी ज्याला जे सांगायचं ते ज्याचा तो हातानं लिहितो आणि समोरच्याचं स्वतःच ऐकतो. मधे कुणी नाही. मी 'हो सर' म्हणालो. ज्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली ते जगाला नकोसं झालं होतं, आणि मला ते खोडून काढता येत नव्हतं, कारण ते खरंच होतं. लोकांनी पेढे मागितले, मी वाटले. आज परीक्षेच्या दिवसांत पोरं मला विचारतात, सर, तुमचा विषय कोणता होता? मी सांगायला लागतो आणि मधेच सोडून देतो.

मायचे दिवस झाल्यावर मी जालन्याला परत निघालो तेव्हा अण्णा मला एसटीपर्यंत सोडायला आला. असा तो कधी आला नव्हता. पाऊस उघडला होता, रस्त्याला चिखल होता, मिरचीची पोती भरलेला एक टेम्पो रुतून उभा होता. आम्ही थांब्याच्या पत्र्याखाली उभे राहिलो, मधे एका माणसाची जागा सोडून. डोकं नुकतंच भादरलेलं, त्यामुळं तो एकदम म्हातारा आणि एकदम लहान दिसत होता. बस येताना दिसली तसा तो खाकरला.

"त्याला म्हणावं," अण्णा म्हणाला, आणि त्या मधल्या जागेकडं वळला.

तिथं कुणी नव्हतं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. बस आली, माणसं उतरली, चढली. त्याचे ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता. मी ती जागा ओलांडून त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"म्हणा, अण्णा," मी म्हटलं. "मी ऐकून राह्यलो."

थोरला भाऊ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला. कंडक्टरनं घंटी दिली, मग पुन्हा दिली. मी चढलो नाही.